समदर्शी यंत्र

हरवलेली मुले शोधण्यासाठी आणलेल्या, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची अचूकता अवघी 2 टक्के असल्याचे दिल्ली पोलिसांनी 2018 साली उच्च न्यायालयात सांगितले आणि पुढल्याच वर्षी केंद्र सरकारने, ती 1 टक्क्याहूनही कमी असून यंत्रास मुलगा-मुलगी हा भेदही कळत नाही, अशी पुस्ती जोडली. एखादा कारकून एवढ्यावर बडतर्फ झाला असता. या विद्येची मात्र, बहुधा तिच्या समदर्शी वृत्तीवर प्रसन्न होऊन, 2020च्या दिल्ली दंगलीच्या तपासावर नेमणूक झाली. पुढे माहिती अधिकारात उघड झाले की 80 टक्के साम्य म्हणजे ओळख पटली. उरलेले 20 टक्के इसमाने स्वखर्चाने शाबीत करावेत, हे ओघानेच आले. सार्वजनिक जागी ही नजर कोणाच्या हुकुमाने रोखावी, हे सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा अद्याप झालेला नाही.