असुरवधाविना विश्रांती

अलीकडे वृत्तपत्रांच्या रविवार-पुरवण्यांतून ‘घरच्या घरी स्पा’ नावाचा एक विधी गृहिणींना वारंवार सांगितला जात असून, त्याची कलमे सामान्यतः अशी असतात की, आठवड्यातील एक दिवस केवळ स्वतःसाठी मुक्रर करावा, दाराला आतून कडी लावावी, सुवासिक मेणबत्त्या पेटवाव्यात, कोमट पाण्याने भरलेल्या टबात गुलाबाच्या पाकळ्या सोडून स्वस्थ पहुडावे, मुखावर लेप व नेत्रांवर काकडीच्या चकत्या ठेवाव्यात, आणि या सर्व काळात मनात कोणताही विचार येऊ देऊ नये. बेल्जियममधील स्पा या गावी खनिज झऱ्यांच्या काठी युरोपातील आजारी आणि धनिक मंडळी शतकानुशतके जे करीत आली, ते मांजरेच्या काठी, कळंब मुक्कामी कसे तडीस न्यावे, याविषयी मात्र या पुरवण्या मौन पाळतात. म्हणून हा प्रपंच.

प्रथम पाण्याचा विचार करू. मांजरा आमच्या गावावरून वाहते हे विधान भूगोलाच्या पुस्तकात बारमाही सत्य असले, तरी पुस्तकाबाहेर त्याला ऋतूंची मर्यादा आहे. खाली धनेगावला तिच्यावर जे धरण आहे, ते २०१६च्या उन्हाळ्यात तळ उघडा टाकून बसले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, आणि १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या त्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एका टबास दोनशे लिटर धरले, तर त्या एका गाडीत अडीच हजार गृहिणींच्या गुलाबस्नानाची सोय झाली असती. परंतु तत्कालीन प्रशासनाची दृष्टी सौंदर्यशास्त्राकडे वळलेली नसल्यामुळे ते सारे पाणी लोकांच्या पिण्यात दवडले गेले.

दोनशे लिटरचे पात्र आमच्याकडे नाही असे मात्र कोणी समजू नये. निळ्या प्लास्टिकचे ते बॅरल उंबऱ्याशी द्वारपालाच्या इतमामाने उभे असते. तथापि, आतून घासण्यासाठी उतरविलेल्या धाकट्या मुलाखेरीज अन्य कोणी त्यात प्रवेश केल्याचे ऐकिवात नाही. शिवाय ज्या दिवशी नळाला पाणी येते, त्या दिवशी घागरीपासून चहाच्या पातेल्यापर्यंत यच्चयावत भांडी भरण्याच्या मोहिमेवर गृहिणी तैनात असते, आणि ज्या दिवशी तिला फुरसत असते, त्या दिवशी नळ कोरडा असतो. या दोहोंचा योग कोणत्याही पंचांगकर्त्याला अद्याप वर्तविता आलेला नाही.

पण पाणी ही झाली गौण अडचण. पदरी पैसा असेल तर टँकर मागविता येतो. टँकरने न येणारी वस्तू म्हणजे कारण. सबळ कारण दाखविल्यावाचून दिवसाढवळ्या आडवे पडण्याची मुभा आमच्या जिल्ह्यात प्रत्यक्ष तुळजाभवानीलाही नाही. देवी वर्षातून तीनदा सिंहासन सोडून पलंगावर निद्रिस्त होते खरी, पण त्या प्रत्येक निद्रेची कैफियत दप्तरी नमूद आहे: भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंतची घोरनिद्रा ही महिषासुराशी होणाऱ्या युद्धाच्या पूर्वतयारीखातर, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंतची श्रमनिद्रा ही त्याच युद्धाच्या शिणवट्यापोटी, आणि पौषातील मोहनिद्रा ही शाकंभरी नवरात्रापूर्वीची आगाऊ रजा. अर्थात जिने त्रैलोक्याचा कंटक मारला, तिच्याकडूनही आधी कारण आणि मग पलंग, असा रोकडा हिशेब घेतला जातो. आता कळंबातील एखादी सामान्य गृहिणी पहाटेपासून जे असुर लोळविते (न पेटणारी शेगडी, न आटोपणारे धुणे, वेळेवर न येणारा गॅस आणि वेळेवर येणारे पाहुणे), त्यांची नोंद कोणत्याच पुराणात नसल्यामुळे, तिच्या रजेची दरखास्त कारणाअभावी निकालात निघते, यात दोष द्यायचा तर तो व्यासांनाच दिला पाहिजे.

सुलतानांचीही गत फारशी निराळी नव्हती. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली. नदी भरून वाहू लागली म्हणजे डोक्यावरून धबधबे कोसळतात आणि आतला माणूस कोरडाच बसून त्यांची मौज पाहतो; एवढे उत्तम विश्रांतिस्थान जिल्ह्यात दुसरे नाही. पण तेही बांधाच्या पोटात, म्हणजे किल्ल्याच्या पाण्याच्या बंदोबस्ताखाली दडविलेले! निव्वळ आरामासाठी खोली बांधतो असे उघड म्हणण्याची छाती विजापूरच्या तख्तालाही झाली नसावी, असे आम्हांस वाटते.

पुरवण्यांनी ज्याला नवे म्हणून मिरविले आहे, ते अभ्यंग वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्याध्यायात नित्य करावयास सांगितले असून, मस्तक, कान व पाय यांची विशेष आस्था बाळगावी असेही बजावले आहे. रोज तेल लावून घ्यावे, त्याने श्रम जातात आणि वार्धक्य लांबते, इतके सरळ ते विधान होते. परंतु कारणाविना सुख पचविण्याची सवय नसलेल्या आमच्या समाजाने ते रोजचे अभ्यंग आखडीत आखडीत मुख्यतः दिवाळीच्या पहाटेवर आणून ठेवले, तेथे नरकासुर नावाचा आणखी एक असुर मारविला, आणि सूर्योदयापूर्वी स्नान न करणारास नरकाचा धाक घातला. ज्या विश्रांतीला पहाटे चार वाजता उठावे लागते आणि चुकल्यास नरकात जावे लागते, ती जगात अन्यत्र कोठे असेल तर असो. त्यातही, बंब पेटविणारी, नागरमोथा, गवला, कचोरा आणि आंबेहळद कालवून उटणे सिद्ध करणारी आणि घरातील एकूण एक पाठ रगडणारी व्यक्ती एकच असते, आणि तिची स्वतःची पाळी येईतो बंबातील निखारे विझलेले असतात.

पुरुषांचे याबाबत काही म्हणणे नाही. त्यांना टब लागत नाही, मेणबत्ती लागत नाही आणि कारणही लागत नाही. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात अर्ध्या चहावर सोयाबीनचे भाव, उसाचे बिल आणि देशाचे परराष्ट्रीय धोरण यांची तजवीज लावीत सबंध सकाळ घालविली, तर तिला लोकसंपर्क म्हणतात. केशकर्तनालयात दाढीनंतर मस्तकाची चंपी करून घेतली, तर तो दाढीचाच भाग समजला जातो. प्रस्तुत लेखकही या लोकसंपर्कात नियमाने सहभागी असतो, हे प्रांजळपणे नमूद करतो.

असो. गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाने पुरवणीबरहुकूम हा विधी करावयाचे मनावर घेतले. टब नसल्याने स्नान वगळण्यात आले व केवळ लेपाचा संकल्प सोडून त्या माजघरात पहुडल्या. हरभऱ्याचे पीठ, हळद, दही आणि गुलाबपाणी यांचा तो लेप पुरवणीत दोन चमचे सांगितला होता. पण कोणताही पदार्थ दोन चमचे करण्याची वहिवाट आमच्या घराण्यात नसल्यामुळे तो पातेलेभर झाला. डोळ्यांवर काकडी होती. तेवढ्यात विरजण मागावयास आलेल्या शेजारच्या काकूंनी दारातूनच ते पिवळे, निश्चल मुख पाहिले, आणि विरजण न घेताच त्या परतल्या.

अर्ध्या तासात ओसरी भरली. कोणी बिस्किटांचे पुडे आणले, कोणी शहाळे.

“काय झालं वो बाईला? कवाधरनं पडून हायत?”

“कावीळ दिसतीय. तोंड बघा की कसं पिवळं पडलंय.”

“सलाईन लावली का न्हाई? सलाईनबिगर उठायच्या न्हाईत.”

त्या काहीएक आजारी नसून केवळ विसावा घेत आहेत, असे आम्ही शपथपूर्वक सांगितले. त्यावर उपस्थितांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिले की, दुखणे डोक्याचे असल्याची वार्ता तिन्हीसांजेच्या आत गावभर होणार, हे आम्ही ओळखले. कुटुंबाने काकडी बाजूला केली, तोंड धुतले आणि चहाचे आधण ठेवले. इकडे आमच्या मातोश्रींनी चुलीशेजारचे पातेले उचलून, हे पीठ कोणी कालवून ठेवले असे पुटपुटत, मोहरी-मिरचीची फोडणी घालून त्याचे पिठले केले, आणि आल्या माणसाला उपाशी धाडणे बरे नव्हे म्हणून ज्वारीच्या भाकरीबरोबर सर्वांना वाढले. पिठले झकास उतरल्याबद्दल एकमत झाले; वास तेवढा देवघरासारखा येतो, असे एका आजोबांनी म्हटले.

निघताना विरजणवाल्या काकूंनी कुटुंबाचा चेहरा उजेडाकडे वळवून नीट निरखला. “टवटवी आली की वो चांगलीच,” त्या म्हणाल्या, “कोणत्या डॉक्टरची सलाईन लावली? आमच्याबी सूनबाईला न्यावं म्हणते.”