एकाच फाइलीची चार उत्तरे

प्रति,
समस्त एक्सएसएलटी प्रोसेसर
(सॅक्सन, झॅलन, लिबएक्सएसएलटी, एमएसएक्सएमएल आणि ब्राउझरांच्या पोटात राहणारे त्यांचे भाऊबंद)

विषय: घरोघरी निराळा न्याय.

एक्सएसएलटी ही एक्सएमएल दस्तऐवजाचे दुसऱ्या रूपात रूपांतर करण्याची भाषा. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची १.० आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. त्यामागचे वचन साधे होते: काय हवे ते स्टाइलशीटने, म्हणजे रूपांतराच्या नियमांच्या फाइलीने, सांगावे, कसे करायचे ते प्रोसेसरने पाहावे. प्रोसेसर बदलला तरी निकाल बदलू नये, हे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात एका प्रोसेसरवर वर्षानुवर्षे चाललेली स्टाइलशीट दुसऱ्यावर नेण्याची वेळ आली, की जाणकार माणूस जुन्या निकालाची प्रत आधी बाजूला काढून ठेवतो. अनुभव माणसाला एवढे शिकवतोच.

भांडणाचे पहिले कारण म्हणजे काहीच नसणे. एक्सएमएल फाइल माणसाला वाचता यावी म्हणून तिच्यात ओळी तोडतात, डावीकडे स्पेस सोडतात. यादीत तीन वस्तू तीन ओळींवर लिहिल्या, तर त्या यादीच्या पोटात वाचणाऱ्याला तीन नोड, म्हणजे तीन घटक, दिसतात. सॅक्सन, झॅलन आणि लिबएक्सएसएलटी यांना, डीटीडी (फाइलीची रचना सांगणारी नियमावली) नसेल तर, सात दिसतात: तीन वस्तू आणि त्यांच्या आगेमागे व मधे असलेले कोऱ्या जागेचे चार तुकडे. एमएसएक्सएमएलला मात्र नेहमीच्या मांडणीत तीनच दिसतात, कारण फाइल वाचतानाच तो कोऱ्या जागेचे तुकडे टाकून देतो. आता स्टाइलशीटने निवड न सांगता यादीच्या सगळ्या मुलांवर, म्हणजे आतल्या नोडांवर, टेम्प्लेट (रूपांतराचा नियम) लावले आणि वस्तूचा क्रमांक विचारला, तर एका घरात उत्तर येते १, २, ३ आणि दुसऱ्या घरात २, ४, ६. सम-विषम ओळींना वेगळा रंग देणारा तक्ता पहिल्या घरात पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, दुसऱ्यात सगळ्या ओळी एकाच रंगात न्हाऊन निघतात. शेवटची वस्तू सोडून प्रत्येकीपुढे स्वल्पविराम द्या असे सांगितले, तर सात मोजणाऱ्यांकडे शेवटची वस्तू सहाव्या जागी बसते, ‘शेवट’ सातवा असतो आणि स्वल्पविराम तिच्याही पुढे लोंबकळतो.

एमएसएक्सएमएलच्या बाजूचा युक्तिवाद कोणत्याही सरकारी कचेरीला शोभावा असा आहे. कोरी जागा पार्सरने टाकली, रूपांतर करणाऱ्या खात्याकडे कागद आला तेव्हा ती नव्हतीच. युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या अगदी खोटा नाही, कारण मूळ फाइलीतून नोडांचे झाड कसे बांधायचे हे शिफारशीने फारसे बांधून दिलेले नाही. स्टाइलशीटच्या डोक्यावर स्ट्रिप-स्पेसची एक ओळ लिहिली, तर दोन्ही घरांत तीनच वस्तू मोजल्या जातात. ही ओळ लिहिण्याचे शहाणपण बहुतेकांना पहिला तक्ता बिघडल्यावर येते.

क्रम लावण्याची गोष्ट मराठी वाचकाच्या अधिक जवळची. अकारविल्हे लावण्यासाठी एक्सएसएलटीत सॉर्ट आहे. भाषा सांगितली नसेल तर ती यंत्रणेच्या वातावरणावरून ठरवावी, अशी १.० ची सूचना आहे. म्हणजे एकच स्टाइलशीट लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर एक क्रम लावते आणि सर्व्हरवर दुसरा. नियम पाळणारे दोन प्रोसेसर एकसारखा क्रम लावतीलच असे नाही, अशी कबुली शिफारशीच्या टिपेतच आहे. प्रोसेसरने भाषेचा विचार न करता नुसत्या युनिकोड क्रमांकांनी क्रम लावला, तर शाळेतल्या वर्णमालेत ‘ह’च्या पुढे बसणारा ‘ळ’ थेट ‘ल’च्या शेजारी जाऊन बसतो. मग ‘काळे’ आडनाव ‘कासार’च्या आधी येते. ‘क्षमा’ ‘क’च्या घोळक्यात शिरते, ‘ज्ञान’ ‘ज’च्या. सर्वांत दैना ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले, आणि जागा उरली होती तिथे म्हणजे ‘ह’च्याही बरेच पुढे त्याची सोय झाली. त्यामुळे ‘ॲल्युमिनियम’ ‘हळदी’च्या मागे रांगेत उभे राहते. टंकणाऱ्याने तेच अक्षर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले असेल, तर दिसायला जुळे असलेले दुसरे ‘ॲल्युमिनियम’ यादीच्या आरंभी सापडते. या शेवटच्या प्रकारात प्रोसेसरला दोष देणे अन्यायाचे होईल. कळफलकालाही थोडे श्रेय द्यायला हवे.

आकड्यांची हकीकत याहून मौजेची. १.० मध्ये फॉरमॅट-नंबर या फंक्शनला आकड्याचा साचा द्यायचा असतो, आणि साच्याचे व्याकरण म्हणून शिफारशीने जेडीके १.१ मधल्या डेसिमलफॉरमॅट या जावा क्लासकडे बोट दाखवले. सर्व भाषांसाठी असलेल्या मानकाने एका भाषेच्या एका लायब्ररीच्या एका जुन्या आवृत्तीवर भिस्त ठेवली. सी भाषेत लिहिलेल्या लिबएक्सएसएलटीला मग जावाची नक्कल करावी लागली. डेसिमलफॉरमॅटचा स्वभाव असा, की साच्यात स्वल्पविराम कितीही द्या, तो फक्त शेवटच्या गटाची लांबी पाहतो. लाख-कोटींच्या पद्धतीने आधी तीन आणि मग दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम दिला, तरी १,२३,४५,६७८ ऐवजी १२,३४५,६७८ असे विलायती उत्तर येते. २३ जानेवारी २००७ रोजी शिफारस झालेल्या २.० ने जावाचा हवाला काढून टाकला आणि साच्यातले स्वल्पविराम जिथे दिले तिथेच ठेवण्याचा नियम केला. कोट्यवधी लोकांच्या हिशेबाच्या पद्धतीला भाषेत जागा मिळायला सात वर्षे लागली, आणि तीही १.० वर थांबलेल्या प्रोसेसरांच्या घरी अजून मिळालेली नाही.

तात्पुरत्या तुकड्यांचा तंटा त्या मानाने लवकर सांगून होतो. १.० मध्ये चलात बांधलेला नोडांचा तुकडा छापता येतो, पण त्याच्या आत शिरता येत नाही. ही अडचण प्रत्येक प्रोसेसरने नोड-सेट नावाच्या जोडफंक्शनने सोडवली आणि ते आपापल्या नेमस्पेसमध्ये ठेवले: औषध एकच, दुकाने वेगळी. ईएक्सएसएलटी या समाईक उपक्रमाने एक नाव सुचवले, ते अनेकांनी घेतले, एमएसएक्सएमएल आपल्या नावावर राहिला. २.० ने आत शिरण्याची बंदीच उठवली.

एकाच नोडला सारख्याच अग्रक्रमाची दोन टेम्प्लेटे लागू पडली, तर १.० च्या मते ती चूक. मात्र प्रोसेसरने चूक कळवली तरी चालेल, न कळवता शेवटचे टेम्प्लेट वापरून पुढे गेला तरी चालेल. सॅक्सन इशारा देऊन पुढे जातो, लिबएक्सएसएलटी मुकाट्याने जातो. आउटपुटमधले एस्केपिंग (खुणांची चिन्हे साधा मजकूर म्हणून लिहिणे) बंद करण्याची सोयही अशीच ऐच्छिक. फायरफॉक्स निकाल मजकूर म्हणून लिहीतच नाही, थेट पानाचे झाड बांधतो. त्यामुळे ही सूचना त्याच्याकडे निष्फळ ठरते आणि बातमीपत्रातल्या एचटीएमएल खुणा वाचकासमोर उघड्याबोडक्या येतात.

या तक्रारी एकत्र मांडल्या, की एक विचित्र गोष्ट दिसते: जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आरोपी निर्दोष सुटतो. दोन प्रोसेसर दोन उत्तरे देतात आणि दोघेही नियमाने वागलेले असतात, कारण नियमातच ‘करू शकतो’ लिहिलेले आहे. खरा गुन्हेगार कोणताही प्रोग्राम नसून मुभा नावाची ती सभ्य, मनमिळाऊ बाई आहे. मानक ठरवणाऱ्या समितीत सगळ्यांचे एकमत व्हावे म्हणून तिला बोलावतात, बैठक आनंदात पार पडते, आणि तिचे बिल पुढे स्टाइलशीट लिहिणाऱ्याच्या नावे येते. नंतरच्या आवृत्त्यांनी तिला थोडा लगाम घातला. जिथे निर्णय प्रोसेसरवर सोडलेला आहे, अशा पुष्कळ ठिकाणी तो काय घेतला हे प्रोसेसरने आपल्या माहितीपत्रात लिहिलेच पाहिजे, असे २.० पासून बंधन आहे. ८ जून २०१७ च्या ३.० आवृत्तीत तर दोन टेम्प्लेटे भिडल्यास शेवटचे वापरायचे की थांबायचे, हे स्टाइलशीटलाच सांगता येते.

सबब विनंती एवढीच, की प्रोसेसर मंडळींनी मुभेचा लाभ घ्यावा, पण घेतला की तसे मोठ्याने सांगावे. मुकाट्याने दिलेले वेगळे उत्तर शोधण्यात माणसांचे आठवडे जातात. इशाऱ्याची एक ओळ छापायला प्रोसेसरला क्षणही लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक स्टाइलशीट (आवृत्ती १.०)

ता. क. – ब्राउझरांनी १.० च्या पुढे कधी पाऊल टाकलेच नाही, आणि २०२५ साली क्रोमने एक्सएसएलटी काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. त्या पत्त्यावरची प्रत परत आल्यास टपालखात्याला दोष देऊ नये.