नागपुरातील नवागत : प्रकार, ऋतू व खर्च

नागपुरात नव्याने राहायला येणाऱ्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे बदलीवर येणारा कर्मचारी. मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीत रुजू होणारा अभियंता आणि एम्समध्ये लागलेला डॉक्टर यांनाही सोयीसाठी याच प्रकारात धरतात. दुसरा प्रकार महाराष्ट्र शासन. शासन दरवर्षी काही काळ नागपुरात मुक्काम हलवील आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरेल, असा शब्द 28 सप्टेंबर 1953च्या नागपूर कराराने विदर्भाला दिला. त्या आधारे 1960पासून शासन येथे येत आले आहे आणि अजून नवखेच आहे.

दोघांचे हंगाम वेगळे आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या साधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात, असे 2005चा बदल्यांचा कायदा सांगतो. अधिवेशनासाठी मात्र परंपरेने डिसेंबर मुक्रर झाला. त्यामुळे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कारकून येतो आणि दहा-बारावर उतरतो तेव्हा मंत्रिमंडळ. हिवाळ्यात येणाऱ्याला उन्हाळ्याचा खर्च दिसत नाही. नागपूर स्वस्त आहे हे मत मुंबईत कसे रूढ झाले, याचा उलगडा या वेळापत्रकात होतो.

मत अगदीच खोटे नाही. किराया, भाजी, दूध, रिक्षा यांचा हिशेब मुंबई-पुण्याहून आलेल्याला पहिल्या आठवड्यात सुखावतो, आणि तेवढ्या सुखाची किंमत पगारातून आधीच कापलेली असते. केंद्राच्या घरभाडे भत्त्याच्या यादीत मुंबई-पुणे 'एक्स' वर्गात बसतात, नागपूर कमी भत्त्याच्या 'वाय' वर्गात. घर शोधताना पहिल्या प्रकारच्या नवागताला वरच्या मजल्यावरचा, थेट स्लॅबखालचा फ्लॅट आश्चर्यकारक कमी किरायात मिळतो. घरमालक तो नेहमी सकाळी आठला दाखवतो. दुपारी तीनला दाखवलेला फ्लॅट किरायाने गेल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. दुसऱ्या प्रकारच्या नवागताला घर शोधावे लागत नाही. त्याच्यासाठी रामगिरी, देवगिरी, रविभवन, नागभवन आणि आमदार निवास वर्षभर उभे असतात आणि तो येण्याआधी त्यांना रंग लागतो.

घरानंतरची पहिली मोठी खरेदी कूलर. लोखंडी पत्र्याचा डबा, एका बाजूला पंखा, उरलेल्या तीन बाजूंना लाकडी भुशाच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, तळात पाणी आणि त्यात बुडालेला मुठीएवढा पंप, एवढीच त्याची रचना. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून ठिबकते, ताट्यांतून ओढलेली कोरडी हवा बाष्पीभवनाने गार होते. मुंबईकराचा यावर विश्वास बसत नाही, कारण मुंबईच्या दमट हवेत हेच यंत्र फक्त भिंतीला ओल आणते. नागपुरात एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की ते चालते, आणि जूनच्या मध्यावर पाऊस आला की एका रात्रीत निकामी होते. मधल्या काळात ताट्या बदलणे, क्षाराने चोंदलेला पंप ठोकणे, टाकी भरणे ही कामे घरातल्या सर्वांत नव्या माणसाकडे येतात. पाणी भरण्याआधी प्लग काढा, असे महावितरण दर उन्हाळ्यात बजावते. ही सूचना गांभीर्याने घ्यावी. पत्र्याला करंट उतरून दरवर्षी विदर्भात माणसे दगावतात, आणि अर्थिंगवर वाचवलेला पैसा हा या शहरातला सर्वांत महाग पैसा आहे.

कूलरला कमी लेखून एसी घेणाऱ्यांची गाठ पुढे वीजबिलाशी पडते. घरगुती वापराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर तुटतात आणि दर टप्प्यागणिक चढतो. शिवाय स्थिर आकार, वहन आकार आणि या सगळ्यावर वीज शुल्क. बिल हातात घेऊन गच्चीवर गेलेल्या नवागताला उत्तरेकडे कोराडीच्या चिमण्या दिसतात. वीज तिथेच तयार होते हे कळल्यावर जवळच्यांना सवलत असेल असे त्याला वाटते. शेजाऱ्यांना राख मिळते. दर महावितरणचा, तिच्या राज्यभरच्या ग्राहकांना सारखाच लागू असलेला.

उष्णतेच्या आकड्यांबाबत एक खुलासा. 23 मे 2013 रोजी शहरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. 30 मे 2024 रोजी एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि सेन्सर बिघडल्याचे हवामान खात्याने सांगितले. जुन्या नागपूरकरांना खुलासाच संशयास्पद वाटला, सेन्सर नाही.

प्रवासाचा खर्च माफक आहे. 2019 साली सुरू झालेल्या मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातील दोन्ही मार्गिका डिसेंबर 2022पर्यंत पूर्ण झाल्या आणि सीताबर्डीवर एकमेकींना मिळतात. स्टेशनात गारवा असतो, म्हणून काही नवागत गाडी येऊनही चढत नाहीत. स्टेशनपासून घरापर्यंतचा एक किलोमीटर कोणत्याही तिकिटात धरलेला नाही. तो दुपट्ट्याने तोंड बांधून आणि खिशात कांदा ठेवून पार करण्याची पद्धत आहे. कांद्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, पण तो संध्याकाळी तर्रीपोह्यावर घालता येतो.

महागाईविरुद्ध दाद मागण्याची सोय श्रावण संपताना होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागातून काळ्या-पिवळ्या मारबती या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, सोबत बडग्ये हे दुसरे पुतळे असतात. रोगराईबरोबर महागाईचाही बडग्या गावाबाहेर नेऊन जाळतात. ही प्रथा शंभराहून अधिक वर्षांची आहे आणि बडग्या करणाऱ्यांना विषयाची टंचाई कधी पडलेली नाही.

डिसेंबरात शासन येते. मुंबईहून फायलींचे ट्रक निघतात, ठरावीक रस्त्यांवरचे खड्डे बुजतात, आणि यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. पहिल्या प्रकारच्या नवागताला त्याच मोर्चामागे अडकून ऑफिसला उशीर होतो. 2024 साली मुक्काम 16 ते 21 डिसेंबर इतका होता. एवढ्या काळात साधे गॅस कनेक्शनही नावावर होत नाही. शासनाचा नागपूरचा अनुभव वाढवण्याचा एक प्रयत्न 2018 साली झाला होता, जेव्हा पावसाळी अधिवेशन नागपुरात घेण्यात आले. 6 जुलैला जोरदार पाऊस झाला, पाणी शिरून विधान भवनाची वीज गेली आणि कामकाज थांबवावे लागले. घरात पाणी शिरलेले आणि दिवे गेलेले ही परिस्थिती त्या दिवशी विधिमंडळाने आपल्याच इमारतीत अभ्यासली. नागपूरचे पावसाळी अधिवेशन त्यानंतर झालेले नाही.

डिसेंबरात शासनाच्या परतीच्या गाड्यांत संत्री चढतात. आंबिया बहाराची फळे तेव्हा बाजारात असतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला येतात. मे महिन्यात आलेल्या नवागताला मुंबई-पुण्याचे नातेवाईक आल्याआल्या संत्र्यांची ऑर्डर देतात, तेव्हा ठेल्यांवर टरबुजे असतात. अशा वेळी संत्रा बर्फी पाठवतात. ती बारमाही मिळते, आणि कुरिअरचा खर्च 'वाय' वर्गाच्या भत्त्यात धरलेला नाही.