गाडीला फिरवून आणणारे भाऊ

भाऊंच्या गाडीला आता दोन दसरे झाले, तरी सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मे महिन्यात त्याला पाठ चिकटते आणि उतरताना केळं सोलावं तसा आवाज करत माणूस सुटा होतो. कोणी कुरकुरलं की भाऊंचं उत्तर ठरलेलं: "नवीन गाडी आहे. जरा सवय होऊ दे." सवय गाडीला व्हायची आहे की आपल्याला, हे विचारायची सोय नाही. मागच्या काचेवर 'आई महालक्ष्मी प्रसन्न', पुढे लिंबू-मिरची आणि डिझेलच्या झाकणाशेजारी भाऊंनी स्वतः चिकटवलेली पट्टी: 'फक्त डिझेल'. ही पट्टी पंपावरच्या पोराने वाचावी म्हणून आहे. तरीही नळी घालण्याआधी भाऊ खाली उतरतात, झिरो बघतात आणि पोराच्या तोंडून "डिझेल" असं वदवून घेतात.

बोईसर-तारापूर पट्ट्यात असे भाऊ गल्लीआड एक सापडतात. आमचे सालवडचे. एमआयडीसीत तीन पाळ्या करत सुपरवायझर झाले. आयुष्य स्कूटरवर गेलं. आणि मग पीएफमधले पैसे काढून एके दिवशी त्यांनी सात माणसांची, लांबलचक डिझेल गाडी दारात उभी केली. घरात माणसं चार, त्यातल्या आईंना गाडी लागते.

लांब गाडीचं वेड जुनं. १९९२ मध्ये टाटांनी 'इस्टेट' काढली, आपल्याकडची डिझेलवर चालणारी खरीखुरी स्टेशन वॅगन. तसली एक गाडी कुठल्याशा कारखान्याच्या शेठची म्हणून एमआयडीसीत फिरायची. तरुण भाऊ पहिली पाळी सुटल्यावर ती पाहायला गेटपाशी थांबत. भाऊंच्या वडिलांना मात्र ती अजिबात पटली नव्हती. "मागून बघ," ते म्हणाले होते, "घरातलं माणूस न्यायला आल्यासारखी दिसते." बऱ्याच लोकांना तसंच वाटलं असावं, कारण मागे लांबलेली गाडी आपल्याकडे कधी रुजली नाही. २००४ मध्ये 'इंडिगो मरीना' आली, तीही गेली. रुजली ती १९९४ ची सुमो. तिचं नाव सुमंत मुळगावकरांच्या नावावरून ठेवलं, हे भाऊ प्रत्येक नव्या प्रवाशाला चिल्हार फाट्याच्या आत सांगून टाकतात. मुळगावकर आपले, सुमो पुण्याची, म्हणून डिझेल आपलं, असा त्यांचा हिशोब आहे.

पैशांचा हिशोब याहून पक्का होता. डिझेलची गाडी पेट्रोलपेक्षा दीड लाखाने महाग. पण ॲव्हरेज जास्त, त्यामुळे किलोमीटरमागे साडेतीन रुपये वाचणार. म्हणजे नुसतं चालवत राहिलं की पैसे परत. मुलाने मोबाइलवर आकडे टाकून पाहिले. दीड लाख फिटायला ४३ हजार किलोमीटर लागणार होते. आपलं फिरणं महिन्याला ३०० किलोमीटर. "पप्पा, १२ वर्षं लागतील."

भाऊ जराही डगमगले नाहीत. "पासिंग किती वर्षांचं असतं?"

"पंधरा."

"मग? वरची तीन वर्षं निव्वळ फायदा!"

खरी अडचण पुढे निघाली. भाऊंचं सगळं आयुष्य स्कूटरच्या टप्प्यात मांडलेलं आहे. कंपनी एवढी जवळ की भोंगा घरात ऐकू येतो. स्टेशन रिक्षाने दहा मिनिटांवर. भाजी, डॉक्टर, बँक, पतपेढी, सगळं बोईसरमध्ये. मुंबईला जायचं तर २०१३ पासून लोकल थेट डहाणूपर्यंत येते, घोडबंदरच्या कोंडीत घाम गाळायला गाडी कोण काढणार? वहिनींचं माहेरसुद्धा चिंचणीला. इंजिन जरा कुठे गरम होतंय तोवर सासरेबुवा ओटीवर दिसायला लागतात. लग्न ठरवताना या गोष्टीचा कोणी विचार केला नाही, याची खंत भाऊंना आता वाटते.

कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या पोटात काजळी अडवणारी एक जाळी असते. धुरातली काजळी तिच्यात साठते. साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल जाळून ती जाळी पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवते आणि काजळीची राख करते. व्यवस्था उत्तम आहे. अट एकच: त्या वेळी गाडी बऱ्यापैकी वेगात, न थांबता पंधरा-वीस मिनिटं पळत राहिली पाहिजे. सालवडहून निघून नवापूर नाक्याकडे वळलेल्या माणसाने पंधरा मिनिटं न थांबता गाडी चालवून दाखवावी, भाऊ त्याला नारळ देतील. पुढे ॲसिडचा टँकर, मागे कंपनीची बस, डावीकडून रिक्षा, उजवीकडूनही रिक्षा आणि मधोमध निवांत बसलेली गाय. गाडीची जाळी तापायला घेते, नाका येतो, गाडी थांबते, जाळी निवते. असं चार-सहा वेळा झालं की काट्यांच्या मधोमध पिवळा दिवा लागतो.

पहिल्यांदा तो दिवा लागला तेव्हा भाऊंनी गाडी तिथेच बाजूला घेतली, चप्पल काढली आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडले. मग गॅरेज गाठलं. गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पान तोंडात एका बाजूला सारत म्हणाला, "भाऊ, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही तिला सांभाळताय. सांभाळू नका, पळवा."

त्या दिवसापासून भाऊंचा दिनक्रम बदलला. लोक संध्याकाळी जेवून शतपावलीला जातात, भाऊ गाडीला फिरवून आणतात. रस्ता ठरलेला: बेटेगाव, नागझरी, चिल्हार फाटा, मग महामार्गाला लागून मनोर आणि परत. मनोरला भाऊंचं काम काय? काही नाही. चहासुद्धा पीत नाहीत. पण रिकामी गाडी नेणं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून दिवा लागला की ते फाटकाशी उभे राहून हाक देतात, "मनोरला कोण येतंय?" सुरुवातीला लोक लाजायचे. आता कामं राखून ठेवतात. कोणाची बहीण मनोरला दिलेली आहे, कोणाला दाखल्यासाठी जायचंय, कोणाला नुसतीच हवा खायची आहे. समोरच्या दुकानदाराने तर हळूच विचारून ठेवलंय, "भाऊ, या वेळी दिवा कधी लागेल साधारण?"

अशाच एका फेरीला मी होतो. मागे शेजारच्या आजी, त्यांची नात आणि तांदळाचं गाठोडं. नागझरी मागे पडली आणि भाऊंनी एकदम हात वर केला. "चूप. सुरू झालं." इंजिनाचा आवाज किंचित जड झाला होता. मला तो कळला नसता, भाऊंना तो पाळण्यातल्या पोराच्या श्वासाइतका कळतो. त्यांनी वेग साठवर आणून धरला आणि ताठ बसले. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "भाऊ, जरा बाजूला घे रे. मला उतरायचंय."

"आजी, दहा मिनिटं."

"दहा मिनिटं नाही निभणार माझी."

"आजी, आता थांबता येणार नाही. आत जळतंय!"

"काय जळतंय?" आजींनी गाठोडं छातीशी धरलं. नात रडायला लागली.

"काही नाही, काजळी जळतेय. चांगलं असतं ते!"

"जळतंय ते चांगलं कसं? थांबव मेल्या!"

एका बाजूला दीड लाख जास्त मोजून घेतलेलं इंजिन, दुसऱ्या बाजूला पंच्याऐंशी वर्षांच्या आजी. भाऊंचा चेहरा इतका पिळवटलेला मी त्यांच्या वडिलांच्या बाराव्यालाही पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबत ते आजींच्या दिशेने ओरडत राहिले, "सावकाश या! घाई करू नका! पण लवकर या!"

जाळीचं हे असं, तर युरियाचं वेगळंच. गाडीत डिझेलच्या टाकीखेरीज एक छोटी टाकी असते, निळ्या झाकणाची. तिच्यात शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण घालायचं, म्हणजे धुरातले विषारी वायू निवतात. भाऊंनी ही माहिती घरात मोठ्या कौतुकाने सांगितली. आईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मग विकत कशाला आणतोस? पडवीत अर्धी गोण आहे भाताची उरलेली." त्या रात्री भाऊंनी निळ्या झाकणावर आणखी एक पट्टी लावली: 'आई, यात काही घालू नये.'

टर्बोचाही एक नियम आहे. लांबून, वेगात आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. मिनिटभर चालू ठेवून टर्बो निवू द्यायचा. नियम घाटातून आलेल्या गाडीसाठी आहे. भाऊ तो कोथिंबीर आणायला गेले तरी पाळतात, आणि मिनिटाची दोन करतात. वहिनी उतरतात, कुलूप उघडतात, चहाचं आधण ठेवतात, तरी भाऊ अंगणात चालू गाडीत हात मांडीवर ठेवून बसलेले. मुलालाही हीच शिस्त लावली आहे. त्यामुळे बापलेकांपैकी एक जण नेहमी अंगणात असतो आणि घरात भांडण कमी होतं, असं वहिनींचं म्हणणं आहे.

सकाळी पुसणं हा वेगळा सोहळा. इथली हवा समुद्राची आणि एमआयडीसीची मिळून बनलेली आहे. रात्रीतून बॉनेटवर साय धरते. भाऊ तिच्यावर बोट फिरवतात, बोट नाकाशी नेतात आणि वारा कुठून होता ते सांगतात. खारेपणाने पत्रा खाऊ नये म्हणून गाडीच्या पोटाला काळा लेप आहे. पावसात तर डिझेल फिल्टरमध्ये पाणी गेलं की काय या शंकेने त्यांची झोप उडते. घराचं छप्पर दोन पावसाळे गळतंय, ते काम पुढच्या वर्षी.

या सगळ्यात २०२५ च्या १५ ऑगस्टला सरकारने फास्टॅगचा वार्षिक पास काढला. ३००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. भाऊंनी पहिल्या आठवड्यातच घेतला आणि मग लक्षात आलं की मनोरच्या वाटेवर टोलच नाही. आता पैसे वसूल व्हायला टोलनाका गाठणं आलं. तेव्हापासून गाडीचं फिरणं लांबलं. रविवारी चारोटीचा नाका ओलांडून तलासरीपर्यंत जायचं आणि तोच नाका ओलांडून परत यायचं, दोन फेऱ्या सुटतात. आजींचे वाटेतल्या महालक्ष्मीला बोललेले सगळे जुने नवस या निमित्ताने फिटले. आता त्या नवे बोलतात. एकदा तलासरीपर्यंत गेलोच आहोत तर सीमेपलीकडे टाकी भरू, म्हणून भाऊ गुजरातेत शिरले. पलीकडे स्वस्त असतं ते पेट्रोल. डिझेलचा भाव जवळजवळ इथलाच. भाऊंनी तरीही पावती जपून ठेवली आहे आणि फरक पैशांमध्ये सांगतात.

गल्लीत त्यांची थट्टा होते, पण रात्री-अपरात्री फोनही त्यांनाच जातो. मुंबईच्या इस्पितळात पेशंट न्यायचा असो, सुरतेहून वऱ्हाडी आणायचे असोत, भाऊ कधी नाही म्हणत नाहीत. पैसे काढलेच तर रागावतात. फक्त अंतर विचारतात. पालघर म्हटलं की चेहरा पडतो, सुरत म्हटलं की खुलतो.

यंदा मुलाच्या लग्नाचं निघालं. पहिलं स्थळ आलं ते पास्थळचं. मुलगी शिकलेली, घर चांगलं, पत्रिका जुळलेली. भाऊंनी नकार कळवला. वहिनींनी कारण विचारलं तर म्हणाले, "जाऊन येऊन एका लिटरचंसुद्धा काम नाही. सणावाराला काय उपयोग?" मग पालघरचं आलं, केळव्याचं आलं, दोन्ही अंतरात बाद. शेवटी एक स्थळ नाशिकचं आलं. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, सगळा घाटरस्ता. भाऊंनी फोटो बघायच्या आधी नकाशा बघितला आणि म्हणाले, "मला पसंत आहे."

आम्ही पाचजण गेलो. दारात स्वागत झालं, पाणी आलं, पोहे आले, मुलगीही येऊन बसली. सोफ्यावरची एक जागा मात्र रिकामीच. मुलीच्या वडिलांनी दोनदा दाराकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "चिरंजीव आलेत ना बरोबर?"

"आलाय की," भाऊ म्हणाले, "गाडीत बसलाय. टर्बो निवला की येतो."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. मुलीचे वडील क्षणभर भाऊंकडे बघत राहिले. मग पोह्यांची ताटली खाली ठेवून पुढे सरकले. "डिझेल का? मग बसू दे त्याला सावकाश. घाट चढून आलाय."

मुलीला अजून कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. पण स्थळ तिथेच पक्कं झालं.