मामांचा एकांत

आमच्या मामांची प्रार्थना एके काळी सगळ्या मंडळीला ठाऊक होती. सभेत ते प्रार्थनेला उभे राहिले की आया पोरांना मांडीवर निजवायला घेत. आजारी, प्रवासी, दहावीची मुलं, महानगरपालिकेचा पाणीपुरवठा, कुणी म्हणून सुटत नसे. देवाला सोलापूरची काही खबरच नाही अशा समजुतीनं मामा त्याला सगळं कळवत. रिटायर झाल्यावर अँथनी डिमेलोंचं 'साधना' हाती पडलं आणि मामा गप्प झाले. गप्प म्हणजे, आपण गप्प झालोय हे घरोघर जाऊन सांगू लागले.

"ते पुस्तक कॅथलिकांचं की हो," पाळकसाहेब म्हणाले.

"ना. वा. टिळकांना ख्रिस्ताकडे जायला तुकोबांचा पूल चालला, मग मला लोणावळ्याच्या जेझुइटाचा का नको?" मामांनी विचारलं. पाळकसाहेबांनी चहा बशीत ओतला.

गच्चीवरच्या खोलीत साधना सुरू झाली. पहाटे पाचला चादरीची चौघडी, तीही उलटी घातलेली, कारण सुलट बाजूच्या मोरावर बसवेना. चौदाव्या शतकातल्या कुणा निनावी इंग्रजानं म्हणे सांगून ठेवलंय, की देवाशी जवळीक हवी तर लांबण लावू नका, एकच शब्द धरा, तोही शक्यतो एका अक्षराचा. मामा आठवडाभर शब्द शोधत होते. 'देव' दोन अक्षरी, 'ख्रिस्त' उच्चारायला अवघड. शेवटी सापडला: 'ये'.

शब्द सुरेखच होता. मनात म्हणायचा होता, एवढंच मामा विसरले. पहिल्या दिवशी 'ये' म्हटल्यावर नातू आला. दुसऱ्या दिवशी दूधवाला जिना चढून वर आला नि मागच्या महिन्याचे पैसे मागू लागला. तिसऱ्या दिवशी खालून मामी ओरडल्या, "मी येणार नाही, तुम्हीच खाली या. पाणी आलंय!" आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी देवाला थांबावं लागतं.

पण मामांचा खरा वैरी शेजारचा यंत्रमाग. पूर्व भागात घर, त्यामुळे भिंतीपलीकडे रात्रंदिवस खटखट. "या खटखटीत संत तेरेसासुद्धा टिकली नसती," असं ते म्हणत. मी म्हटलं, "मामा, डिमेलो तर सांगतात, आवाजाशी भांडू नका, तो नुसता ऐका." मामांना पटलं. डोळे मिटून ऐकू लागले. पण बत्तीस वर्षं मिलमध्ये जॉबर असलेल्या माणसानं माग नुसता ऐकायचा म्हणजे हलवायानं पाक नुसता बघायचा! पाच मिनिटांत उठले, तसेच अनवाणी शेजारी गेले नि म्हणाले, "तिसऱ्या मागाचा धोटा अडखळतोय, बघा." खरंच अडखळत होता. तासाभरानं मामा परतले ते कोपरापर्यंत तेलानं माखून, आणि इतके खुशीत, की ईश्वरदर्शन झालं का, असं मामींनी विचारलं.

अलीकडे ते बसल्या बसल्या घोरतात. त्यावरही आधार तयार आहे. फ्रान्समधली लहान तेरेसा प्रार्थनेत झोपी जायची आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. "ती चोविसाव्या वर्षी वारली हो," मामी म्हणतात, "तुम्ही सत्तरीचे. आणि ती घोरायची असं कुठं लिहिलंय?"

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. उकाड्यानं गच्चीवरच निजलो होतो. पहाटे मामा बसले, 'ये' झालं, माग खटखटत होते. आणि एकाएकी लाइट गेली. माग थांबले, पंखा थांबला. पार सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी शांतता पडली. मी उशीवरून मामांकडे पाहत राहिलो. इतके दिवस जी मागितली ती समोर येऊन उभी होती.

मामांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"काय झालं बे?" ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. "माग का बंद पडले?" आणि चप्पल शोधू लागले.