भोंगा आणि भुजंगनाथ

शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन मार्च 2020 च्या अखेरीस सांगलीतून सुरू व्हायचं होतं. टाळेबंदी आली, संमेलन राहिलं, नाट्यगृहांना कुलपं लागली. त्याच सुमारास माझ्या सासुरवाडीकडच्या काही सांगलीकरांनी आणि आम्हा साताऱ्याच्या निवृत्तांनी मिळून एक ऑनलाइन रसिक मंडळ काढलं. संमेलन पुढं 2024 च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला पार पडलं, टाळेबंदीही लोक विसरले. आमचं मंडळ मात्र काही केल्या बंद पडेना.

घरबसल्या रसिक होणं मला मानवलं, हे त्याचं एक कारण. शाहू कला मंदिरात मी दुसऱ्या अंकात पेंगायला लागलो की बायको कोपरानं ढोसायची. आता कॅमेरा बंद ठेवला की माझी पेंग आणि माझी तल्लीनता दोन्ही सारख्याच दिसतात. औंधच्या भवानी संग्रहालयावर तर मी चक्क व्याख्यान दिलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उघडलेलं दालन, रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प, असं काही रंगवलं की माझं बालपण तिथंच गेलं असावं. मग एका वहिनींनी विचारलं, "भाऊजी, टेकडी किती चढावी लागते हो? माझे गुडघे दुखतात." साताऱ्याहून औंधला एसटी जाते. मी गेलेलो नाही. त्या क्षणी माझं नेटवर्क गेलं.

गाण्याची मैफल हा वेगळाच प्रकार. एका मिरजकर सभासदानं घरचा अस्सल मिरजेचा तंबोरा मोबाईलपुढं ठेवला. पंढरपूर भागातला भोपळा, पिढीजात कारागिरांनी काढलेली जवारी. याच तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला मात्र ओठांना कुलूप लावून बसलेला एक माणूस तारा छेडताना दिसत होता, ऐकू काहीच येत नव्हतं. हे मीटिंगचं अ‍ॅप एकसुरी आवाज सलग आला की त्याला गोंगाट समजून गाळतं. पंखा, मिक्सर आणि तंबोरा त्याच्या लेखी एकाच जातीचे. उलट माझ्या मागं फुटलेली कुकरची शिट्टी सांगलीपर्यंत स्वच्छ गेली आणि दोघांनी तिला दादही दिली.

पण खरी शोभा झाली ती 2022 च्या रंगभूमी दिनाला. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांपुढं 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून 5 नोव्हेंबर, हे सांगलीकर आम्हाला दर बैठकीला सांगतात. मग आम्ही छत्रपतींची राजधानी काढतो. एरवी असली भांडणं कंदी पेढे आणि भडंग देऊन-घेऊन मिटतात. मोबाईलवर ती सोय नाही, त्यामुळं चालूच राहतात. शेवटी हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं, 1899 सालचं 'शारदा' वाचायचं ठरलं.

माझी नजर कोदंडावर होती. तरुण, बाणेदार, सुधारक. मंडळानं एकमतानं मला भुजंगनाथ दिला: पैशाच्या जोरावर कोवळी पोर करू बघणारा म्हातारा. माणसं कमी पडली म्हणून त्याचा दलाल भद्रेश्वर दीक्षितही माझ्याच गळ्यात मारला. पोरीचा सौदा करणारा बाप कांचनभट मात्र फार झकास मिळाला, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचे एक निवृत्त गुरुजी.

मी गॅलरीत तालमी सुरू केल्या. लग्नाची घाई, वयाची लपवाछपवी, केसांना कलप, सगळं खणखणीत आवाजात. दोन-चार दिवसांत शेजारच्या काकूंनी हिला जिन्यात गाठलं. "साहेबांचं काय मनावर घेऊ नका. पेन्शनीत असं होतं कधीकधी." ही म्हणाली, "होऊ द्या की. कोण मिळतीय बघू."

प्रयोग सहाचा ठरला. सातारकर वेळेवर आले म्हणजे साडेसहाला. नांदी सगळ्यांनी मिळून म्हणायची टूम निघाली. प्रत्येकाचा सूर कुठल्या कुठल्या सर्व्हरला वळसा घालून येत असल्यानं साताऱ्याचा शेवट आणि सांगलीची सुरुवात एकदमच झाली. नांदी सावरता सावरता सौदा सुरू व्हायला सात वाजले. गुरुजी रंगात आले होते, आकडा वाढवत होते, आणि त्यांच्या मागं देवळावरचा भोंगा वाजला.

मोहित्यांचे वडगावनं त्याच ऑगस्टपासून नेम धरला होता: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत गावात टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरांनी पुस्तकं उघडायची. बातम्यांत वाचून मी या गावाचं तोंडभरून कौतुक केलं होतं, मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक मजकूरही टाकला होता, अर्थात मोबाईलवरूनच. गुरुजी म्हणाले, "सात वाजलं. पोरांना बंद करा म्हणून मीच सांगत फिरतो, मग मी कसा चालू ठिवू?" आणि कांचनभट ऐन सौद्यात अंतर्धान पावला.

सगळे गप्प. मी म्हणालो, "थांबू नका, मी सांभाळतो." आता बापही मी, दलालही मी, नवरदेवही मीच. कांचनभट म्हणून मी आकडा मागितला, दीक्षित होऊन कमी केला, पुन्हा कांचनभट होऊन रुसलो. तीन आवाज काढायचे होते, घसा एकच. थोड्या वेळानं कोण कुठल्या बाजूचा ते मलाच कळेना. मी दिलेल्या आकड्यापेक्षा मीच जास्त मागत होतो आणि तेवढे मीच देऊनही टाकत होतो. व्यवहार संहितेतल्या रकमेच्या कितीतरी वर तुटला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मंडईतही असंच करता तुम्ही. भाजीवाली गप्प उभी असते."

पुढं कोदंडाच्या घरची लाईट गेली. म्हणजे लग्न मोडायला कुणी उरलंच नाही. शारदा वाचणाऱ्या बँकेतल्या ताई घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारू लागल्या, "मग आता माझं काय?" काहीजण जेवायला उठले. बाकीच्यांनी कॅमेरे बंद केले. ते तल्लीन झाले असावेत.

साडेआठ वाजून गेले न गेले तोच गुरुजींचा फोन आला. फोन हिनं उचलला.

"वहिनी, शारदंचं लग्न लागलं का वं?"

"नाही हो. पण यांनी पैसे मात्र पुरे दिलेत."

"कितीला ठरलं?"

ही आत वळून म्हणाली, "अहो, सासरे विचारतायत."