रामनवमी दशमीला सरकली, आणि मग काय!

ऐकलंत का? पुण्याला आयटीत गेलेली पोरं रामनवमीला पोहरादेवीला येतात, सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे डोकं टेकवतात आणि जत्रेत बसून बोलतात काय? तर म्हणे, एकदा बनवलेल्या ऑब्जेक्टला हात लावायचा नाही! बदल हवाय? नवा बनवा. जुना तसाच राहू दे. 'इम्युटेबल' म्हणतात याला. काय तरी बाई एकेक खूळ!

पण पोरांनी चटके खाल्लेत. समजा, एखाद्यानं जत्रेच्या गाड्यांसाठी जावास्क्रिप्टमध्ये ॲप लिहिलं. रामनवमी ६ एप्रिल २०२५. (तिथे जानेवारी शून्यावा, म्हणून एप्रिल ३. त्या घरचं सगळंच अजब!) तारीख 'कॉन्स्ट' केली आणि गडी निर्धास्त. परतीचा दिवस काढायला तीच तारीख दुसऱ्या फंक्शनला दिली. त्यानं 'सेटडेट'नं एक दिवस वाढवला, अन् मूळ रामनवमीच ७ तारखेला! दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टची ना. भाविक उतरणार दशमीला! कॉन्स्ट फक्त नाव दुसऱ्या ऑब्जेक्टकडे जाऊ देत नाही. आत कोण काय करतं, त्याला सोयरसुतक नाही. बरं, 'ऑब्जेक्ट.फ्रीझ' करावं, तर गोठवलेली तारीखही सेटडेटनं बिनदिक्कत हलते. जनाची नाही तर मनाची तरी!

जावातली जुनी 'डेट' अशीच चंचल. २०१४ साली जावा ८ मध्ये 'लोकलडेट' आली, ती शहाण्या सुनेसारखी: दिवस वाढवायला सांगा, नवी तारीख हातावर ठेवते, स्वतः जागची हलत नाही.

आता मात्र पोरं चेकाळलीत. हजार प्रवाशांत एकाची सीट बदलायची तरी अख्खी यादी नव्यानं, तीही लूपच्या दर फेरीला! आणि जावास्क्रिप्टमध्ये तीन टिंबं देऊन केलेली ती कॉपी वरवरची. यादी नवी, आतले प्रवासी जुनेच. तिथे पुन्हा कुणी हात घातला की बोंबला. मला विचाराल तर आपल्याच फंक्शनात जन्मलेली, बाहेर कुणी न पाहिलेली यादी खुशाल बदलावी. कॉपी करावी ती दुसऱ्याकडून घेताना आणि दुसऱ्याला देताना, आणि करायची तर आतपर्यंत. पण सांगणार कोण? 'सॉर्ट' मूळ यादीचाच क्रम बदलतं म्हणून २०२३ साली जावास्क्रिप्टमध्येच 'टूसॉर्टेड' आलं, नवी यादी देणारं. तेव्हापासून जुन्या सॉर्टचं नाव काढलं तरी यांच्या कपाळाला आठ्या!